जस्ताचं पिंप आणि पद्माक्काचं ताक

निपाणीत माझं दुकान शोधायला पत्ता लागत नसे. बाजारात उभं राहायचं आणि ठोकाठोकीचा आवाज जिकडून येईल तिकडं चालू लागायचं. बादल्या, पिंपं, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, तंबाखूच्या वखारींच्या छपरांना लागणाऱ्या पन्हळी, असं पत्र्याचं जे जे म्हणून होतं ते सगळं मी केलं. शेजारच्या कापडवाल्यानं एकदा हात जोडून मला विचारलं, "मिस्त्री, हे तुमास्नी मुकाट्यानं करता येत न्हाय व्हय?" मी म्हणालो, "मुकाट्यानं करायचं आसतं तर शिंपी झालो आसतो की." आता माझे दोन्ही कान जवळजवळ गेलेत आणि त्याचा फायदा मला घरात फार होतो.

या अंकाचे संपादक घरी आले आणि तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा म्हणाले. पत्र्यात लिहिण्यासारखं काय असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुमचं ते ताकाचं प्रकरण लिहा. म्हणजे इतकी वर्षं झाली, स्वराज्य आलं, बाजारात प्लॅस्टिक आलं, तरी लोकांना अजून ते आठवतं. मग लिहितो. पण जस्त म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय त्यातलं काही उमगणार नाही, तेव्हा थोडं सोसा.

जस्ती पत्रा म्हणजे जस्ताचा पत्रा असं पुष्कळांना वाटतं. तसा तो नसतो. आत लोखंडच असतं. लोखंडाचा पातळ पत्रा धुऊन पुसून वितळलेल्या जस्तात बुडवून काढला की त्याच्यावर जस्ताचा थर बसतो आणि नव्या बादलीवर दिसतात तशी पांढरी चकचकीत फुलं उमटतात. लोखंड पाण्यानं गंजतं, जस्त गंजत नाही. शिवाय थर कुठं खरवडला गेला तर शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि उघड्या लोखंडाला सांभाळतं. या धातूबद्दल मला जे प्रेम आहे ते यामुळेच. आमच्या वेळी हा पत्रा विलायतेहून बोटीनं मुंबईला, तिथून रेल्वेनं बेळगावला आणि पुढं बैलगाडीनं नाहीतर मोटारीनं निपाणीला यायचा. एखाद्या वेळी गाडी उशिरा आली तर आम्ही सगळे पत्रेवाले सासुरवाडीचा माणूस यायचा असावा तसे वाटेला डोळे लावून बसायचो.

मी काम शिकलो बेळगावात, खासबागेत, एका तांबट मास्तरांकडे. त्यांना कच्चा माल देणारा व्यापारी मेवाडातला होता. त्याच्या गावाकडच्या डोंगरात शिसं आणि जस्त यांचा दगड एकाच खाणीत शेजारी शेजारी सापडे म्हणे. शिसं काढायला सोपं. दगड भट्टीत कोळशाबरोबर तापवला की शिसं खाली पाझरतं. जस्ताचं तसं नाही. त्याला बाहेर काढण्याइतकी आग दिली की ते वितळत बसत नाही, सरळ वाफ होऊन उडून जातं, आणि हाती राहते ती राख. म्हणून जुने लोक मातीच्या लांबट वांग्यासारख्या मुशी करत, त्यात दगडाची पूड भरत आणि त्या भट्टीत उलट्या टांगत. आग वर, मुशीचं तोंड खाली. वाफेला जायला खाली एवढीच वाट, आणि खाली गार भांड्यात तिचे थेंब होऊन साचायचे. त्या खाणी कधीच्या बंद पडल्या होत्या. पण त्या मुशी इतक्या पडून होत्या की गावच्या लोकांनी त्या एकावर एक रचून घरांच्या भिंती बांधल्या, असं तो सांगे. हे ऐकल्यापासून जस्ताकडे बघताना मला नेहमी वाटे, की हा धातू पळून जायला बसलेला असतो, त्याला धरून ठेवावं लागतं.

आता जोड. पत्र्याला पत्रा जोडतात तो डाख लावून. डाख म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. शिसं स्वस्त, मऊ, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ, म्हणून लबाड कारागीर ते जास्त घालतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. चोख कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर आत करकर वाजते. शिसं मुकाट वाकतं. पन्हळीला मी शिसं भरपूर घालायचो, तिथं कुणी जेवत नाही. पाण्याच्या भांड्याला मात्र कथील जास्त, याबद्दल माझं दुकान कडक होतं.

डाख नुसता लावला तर धरत नाही. आधी जोडावर तेजाब, म्हणजे ॲसिड, फिरवायचं, आणि तेही मारलेलं. मिठाचं तेजाब चिनी मातीच्या बरणीत घ्यायचं आणि त्यात जस्ताचे तुकडे टाकायचे. ते फसफसतं, उकळतं, जस्त खात राहतं. खाऊन खाऊन दमलं, फेस थांबला, की तेजाब मेलं म्हणायचं. आंबट वस्तू जस्ताला खाते, हे मी आयुष्यभर रोज डोळ्यांनी बघत होतो. पण बरणीतली गोष्ट बरणीतच राहते. ती ताटातही खरी असते, हे माझ्या डोक्यात यायला एक जेवण व्हावं लागलं.

गिऱ्हाइकं मला तऱ्हेतऱ्हेची भेटली. एक पैलवान व्यायामाच्या मुद्गलात शिसं भरून घ्यायला यायचा आणि दर खेपेला आणखी थोडं घाला म्हणायचा. शेवटी तो मुद्गल त्याच्यानं उचलेना, तेव्हा शिसं खोटं आहे म्हणून माझ्याशीच भांडला. एक किराणावाला वजनाच्या पोकळीत "वाईच कमी" शिसं भरून मागायला आला होता. मी म्हटलं, भरतो, पण भर बाजारात सगळ्यांदेखत तोलून देणार. तो गेला तो पुन्हा फिरकला नाही. तपकिरीचे व्यापारी डब्यांना आतून शिशाचा वर्ख लावून मागायचे, कारण त्यात तपकीर कोरडी पडत नाही. शिसं हळूहळू अंगात भिनतं हे आता सगळे सांगतात, तेव्हा कुणी सांगत नव्हतं. त्या डब्यांची आठवण झाली की मला बरं वाटत नाही.

असो. आता ताक.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. दूधगंगेकाठच्या एका गावात जैनांच्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, मोठी पूजा होती आणि तीन-चार गावांना जेवण होतं. गावचे पुढारी बाबगोंडा पाटील, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ, स्वतः माझ्या दुकानी आले. त्यांना नवी कोरी जस्ती पिंपं पाहिजे होती.

मी सुचवलं, "आण्णा, निपाणीत भाड्यानं तांब्याचे हंडे मिळत्यात की. कशाला नवा खर्च?"

"भाड्याच्या हंड्यात कुणी काय शिजिवलंय, कुणाला ठावं?" पाटील म्हणाले. "मटण शिजिवलेल्या भांड्यात आमचं पाणी कसं चालंल? मातीची मडकी एवढी मिळणार न्हाईत. तुमचं पिंप नवं, कुणाचा हात न्हाय, तोंड न्हाय. शुद्ध हाय."

जैन माणूस शुद्धतेच्या बाबतीत किती काटेकोर असतो हे या भागात सांगायला नको. पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, दह्या-ताकालाही मर्यादा असते. मर्यादा म्हणजे ठरलेली मुदत. ती टळली की ते ताक चालत नाही, वासही न येता बाद. पाण्यासाठी पिंपं द्यायला मला काहीच अडचण नव्हती. मी ती मन लावून केली, चोख कथलाचा डाख लावून, आणि पूजेचं आमंत्रणही घेतलं.

त्या बस्तीचं ताक पद्माक्का करायच्या. नवरा तरुणपणी गेलेला, एक मुलगी, आणि पूजा-लग्नांच्या स्वयंपाकावर चाललेला संसार. त्यांच्या ताकाचं नाव चिकोडीपर्यंत होतं. त्याच जोरावर मुलीला चिकोडीकडचं चांगलं स्थळ आलं होतं, आणि मुलाचे चुलते तातोबा चौगुले त्या दिवशी पंगतीला होते. मुलीची आई कामाला कशी आहे हे बघायलाच आले होते म्हटलं तरी चालेल.

पद्माक्कांनी रात्री घरोघर लावलेलं दही पहाटे गोळा केलं, घुसळलं, मीठ-जिरं घातलं. नेहमी ताक त्यांच्या तांब्याच्या कल्हईदार हंड्यात राहायचं. या वेळी पंगत मोठी, हंडा अपुरा. कुणीतरी म्हणालं, नवं पिंप रिकामं आहे, त्याच्याइतकं शुद्ध दुसरं काय? हंड्यातलं ताक तिथंच राहिलं, बाकीचं सगळं पिंपात गेलं, आणि पंगतीला आधी पिंपातलंच वाढलं. जेवणं व्हायला दुपार झाली.

मी भातावर ताक घेतलं आणि वर वाटीभर प्यालो. गार होतं, चव उत्तम, पण मागून जिभेवर काहीतरी तुरट, ताठर राहिलं. ही चव माझ्या ओळखीची आहे एवढं वाटलं आणि तेवढ्यात पोटातून ढवळून आलं. मी पानावरून उठलो. बघतो तर पंगतच उठत होती. म्हातारी, तरणी, पाहुणे, यजमान, सगळे बस्तीमागच्या गोठ्याच्या भिंतीकडे धावले. तिथं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत जो तो ठीक झाला, कुणाच्या जिवाला काही झालं नाही. पण जे उलटून पडलं त्याहून वाईट असं पुढं बोललं गेलं.

तातोबा चौगुले भिंतीला टेकून बसले होते, चेहरा पांढराफटक. शक्ती आल्याबरोबर ते पहिलं वाक्य बोलले, "ताक शिळं हुतं. कालचं मिसळलंय बाईनं. ताक पुरंना म्हणून मर्यादा मोडली."

झालं. पोट बिघडणं एक वेळ चालतं, पण बस्तीच्या पंगतीत मर्यादा मोडलेलं ताक वाढणं म्हणजे सगळ्यांचं व्रत मोडणं. पद्माक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आण्णा, ह्याच पहाटंचं हाय ओ. देवाच्या दारात खोटं बोलंन का?" मी त्यांचे हात बघितले. घुसळून लाल झालेले तळवे त्यांनी पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा गडी पिंपं परत घेऊन आला. अपवित्र झाली, मोडीत काढा म्हणून निरोप. पंच परवा बसणार, पद्माक्काचा बस्तीतला स्वयंपाक बंद होणार आणि सोयरीकही मोडणार, हेही त्यानं सांगितलं. मी ताकाचं पिंप आडवं करून आत डोकावलो. अर्ध्यापर्यंत पत्रा मळकट, राखाडी, फुलं सगळी गेलेली. वरच्या अर्ध्या भागात फुलं पहिल्यासारखी चकचकीत. दोन्हींच्या मधे सरळ रेघ, ताक जिथंपर्यंत होतं तिथं. बोट ओलं करून खाली फिरवलं आणि जिभेला लावलं. तीच चव. मारलेल्या तेजाबाचा थेंब कधी ओठावर उडाला तर अशीच लागते. ताकानं माझं जस्त खाल्लं होतं आणि आम्ही ताक प्यालो होतो.

घरी मी माझ्या बायकोला, गोदूला, सांगितलं. ती मला चांगली ओळखायची. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "म्हंजे तुमी आता पंचात जाऊन सांगणार. आन उद्यापास्नं आख्खा बाजार म्हणणार, मिस्त्र्याच्या बादलीत इख हाय."

"पाण्याला काय होत न्हाय गं. आंबट असलं तरच."

"बाजाराला आंबट-गोड कळतंय व्हय? आपल्याला लेकरं हाईत."

"तिलाबी हाय," मी म्हणालो.

गोदूनं उठून माझं धुतलेलं धोतर काढून ठेवलं. मला परवानगी मिळाली असं मी समजलो. तिचं मत बदललेलं नव्हतं, पण माझं बदलणार नाही हे तिला कळलं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरांचा दवाखाना होता. मी आधी त्यांच्याकडे गेलो, कारण मला जे वाटत होतं ते बरोबरच आहे याची मला खात्री नव्हती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि कपाटातून एक बाटली काढली. "विषारी काही पोटात गेलं तर ओकारी काढायला आम्ही जस्ताचंच औषध देतो," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं मला पटतं, मिस्त्री. पण पंचांना बाटली दाखवून पटायचं नाही. मी तुमच्याबरोबर येतो."

पंच बस्तीच्या ओवरीत बसले. बाबगोंडा पाटील, आणखी दोघे-तिघे वडीलधारे आणि चिकोडीकडून आलेले तातोबा चौगुले. मी माझं म्हणणं मांडलं. मग पाटील म्हणाले, "म्हंजे मिस्त्री, तुमी आमास्नी इखाचं भांडं दिलासा?"

"पाण्याचं दिलं, आण्णा. पाण्याचंच मागितलं हुतासा."

"कशावरनं?" तातोबा उसळले. "बाईनं रडून दाखिवलं आसंल, ह्यो आला धावून. बोलायला काय जातंय!"

"बोलत न्हाय मी," मी म्हणालो. "पितो."

मी त्यांना सांगितलं ते असं. दूध पाटलांच्या घरचं, दही पाटलांच्या घरात त्यांच्या मंडळींच्या देखरेखीखाली लावायचं. पहाटे इथं, सगळ्यांदेखत, पद्माक्कांनी ताक करायचं. निम्मं त्यांच्या तांब्याच्या हंड्यात, निम्मं माझ्या त्याच खेपेच्या, अजून न वापरलेल्या पिंपात. दुपारपर्यंत दोन्हीकडे पहारा. मग मी पिंपातलं पिणार. मला काही झालं नाही तर मी खोटा, पद्माक्काला जो दंड तोच मला.

पंच कबूल झाले. इतका वेळ पद्माक्का खांबाआड उभ्या होत्या. त्या एकदम पुढं आल्या. "एक सांगू का? मीठ पहाटंच पडाय पायजे. त्या दिवशी मी मीठ पयलं घातलंतं. तसंच झालं पायजे, न्हायतर त्यात काय आर्थ न्हाय." डॉक्टरांनी मान हलवली. ताकात मीठ असलं तर जस्त अधिक खाल्लं जातं, असं त्यांनी मला नंतर समजावलं. पण पद्माक्कांना ते माहीत नव्हतं. त्यांना फक्त आपलं ताक जसं होतं अगदी तसंच पुन्हा करून दाखवायचं होतं. मला तेव्हा वाटलं, ही बाई घाबरलेली नाही. ती रागावलेली आहे, आणि ते बघून मला फार धीर आला.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे झालं. दुपारी ओवरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिंपातलं ताक माझ्या हातात आलं. मी तांब्या तोंडाला लावणार, तोच तातोबा म्हणाले, "ह्यो गुपचूप घशात बोट घालंल आन आमास्नी फसवंल."

"हात धरा त्याचं," कुणीतरी म्हणालं.

दोघांनी माझे दोन्ही हात धरले. मला पद्माक्कांनी तांब्यानं पाजलं. मी सगळा तांब्या संपवला आणि आणखी मागितला. तातोबा माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होते. काहीच होईना. घाम आला, पण तो भीतीचा होता. गर्दीतून हसू यायला लागलं. कुणीतरी कन्नडात म्हणालं, "येनू आगलिल्ला," म्हणजे काहीसुद्धा झालं नाही. डॉक्टर माझ्या शेजारी बसून नाडी बघत होते आणि त्यांनीही दोनदा घड्याळाकडे बघितलं.

तातोबांना राहवेना. ते उठले, पिंपाजवळ गेले, स्वतःच्या हातानं तांब्या भरला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "ह्यात काय बी न्हाय. बघा!" डॉक्टर नको म्हणेपर्यंत त्यांनी तो घशात रिता केला. मिशा पुसून ते माझ्यासमोर मांडी घालून बसले.

आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. माझ्या जिभेवर ती ताठर चव चढत होती आणि त्यांच्याही जिभेवर ती चढत असावी, कारण ते ओठ चाटू लागले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी एकदा गिळलं. पुन्हा गिळलं. खरं सांगतो, मी त्या वेळी देवाला एवढंच मागितलं, की आधी ह्यांना होऊ दे. आणि झालं. तातोबा उठले आणि त्याच गोठ्याच्या भिंतीकडे धावले. माझे हात धरणाऱ्यांनी हात सोडले तेव्हा मी त्यांच्या मागोमाग होतो. भिंतीला धरून आम्ही दोघे शेजारी शेजारी ओकत होतो आणि मधेच ते मला म्हणाले, "मिस्त्री, तुमचं खरं हाय." आयुष्यात मला पुष्कळांनी शाबासकी दिली, पण अशा जागी फक्त त्यांनी.

आम्ही परत आलो तेव्हा पद्माक्का हंड्याजवळ उभ्या होत्या. त्या स्वतः हंड्यातलं ताक प्याल्या होत्या, पाटलांनाही त्यांनी दिलं होतं, आणि पाटील शांतपणे मिशीला लागलेलं ताक पुसत होते. पाटील उठून उभे राहिले. पद्माक्काला हात जोडून म्हणाले, "आक्का, बस्तीचं ताक तुमच्याच हातचं. आमचं चुकलं." मग सगळेच उभे राहिले.

गोदूचं भाकीतही खरं झालं. पुष्कळ दिवस माझ्या बादलीला कुणी हात लावेना. तहसीलच्या आवारात पाण्याची पिंपं ठेवायचं काम दुसऱ्याला गेलं. मी गप्प बसलो नाही. लोकांना सांगत सुटलो, पाणी ठेवा, धान्य ठेवा, सरपण ठेवा, पण ताक, चिंच, लोणचं, कैरी काही ठेवू नका. लिहून ठेवलं तर निम्मे लोक कन्नड वाचणारे, निम्मे मराठी, आणि बरेचसे काहीच न वाचणारे. म्हणून मी एक ठसा केला, पाण्याचा थेंब, आणि माझ्या हातून निघालेल्या प्रत्येक भांड्याच्या काठावर तो ठोकला. थेंब म्हणजे फक्त पाणी. हळूहळू गिऱ्हाइकं परतली. लोक थेंबाची बादली म्हणून मागायला लागले आणि इतर दुकानदार थेंब नसलेल्या बादल्यांवर गुपचूप थेंब ठोकायला लागले, तेव्हा मला कळलं, की आपलं चाललं आहे.

तातोबांनी सोयरीक मोडली नाही. पद्माक्काच्या मुलीचं लग्न पुढच्या हंगामात झालं, त्याच गावात, त्याच बस्तीपुढच्या मांडवात, आणि मला आणि गोदूलाही बोलावणं आलं. खरी अडचण अशी होती की त्या दिवसापासून ताकाचा नुसता वास आला तरी माझ्या पोटात कालवाकालव होत असे. घरात गोदूनं ताक करायचं सोडलं होतं. हे मी पद्माक्कांना सांगितलेलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हतो.

भात झाला आणि ताक वाढायला आलं. वाढायला पद्माक्का स्वतः आल्या होत्या. मुलीची आई लग्नात पंगतीला वाढत नाही, पण त्यांना कोण अडवणार? मांडवात अख्खं चिकोडी तालुक्याचं लटांबर बसलं होतं. पहिल्या वाटीपासून शेवटच्या वाटीपर्यंत ताक वाढून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं, की कुणी पीत नाही. सगळ्यांच्या वाट्या हातात होत्या आणि सगळे माझ्याकडे बघत होते. पाटीलही, समोरच्या पंगतीतले तातोबाही. त्यांनी पंचांचा निकाल मान्य केला होता, सोयरीक केली होती, पण पहिला घोट घ्यायला कुणाचं मन धजेना. पद्माक्का ताकाचं वगराळं हातात धरून माझ्यासमोर थांबल्या होत्या. त्यांचं तोंड त्या दिवशीसारखंच झालं होतं, स्वयंपाकघराच्या दारातलं.

मी वाटी तोंडाला लावली. वास आला आणि पोट वर आलं. मी डोळे मिटले, दात आवळून घोट गिळला, दुसरा गिळला, आणि वाटी रिकामी केली. मग सगळ्यांना दिसेल अशी ती पुढं धरली आणि म्हणालो, "आक्का, आनखी वाढा."